शुक्लादींच्या धनुष्याची गाठ

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. सांगलीच्या बहिणीला — जिला मी आमटी करपली तरी फोन करून कळवते — तिलाही नाही. सहा वर्षं झाली, एका अक्षराने कुठे बोलले नाही. आज तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मी तुम्हाला. पण एक आधीच बजावून ठेवते — मला रडूबिडू आलेलं नाही. मी व्यवस्थित जेवते, व्यवस्थित झोपते, वजनही वाढलंय. पश्चात्तापाने खंगलेली बाई बघायला आला असाल तर चुकीच्या दारात आलात.

मी मीनाक्षी. लग्न करून कोलकात्यात आले त्याला सव्वीस वर्षं झाली. नवरा सेक्टर फाइव्हमध्ये, खासगी कंपनीत. घरात मराठी बोलायला तो एकटा, आणि त्याला मुळात बोलायचीच सवय नाही. मग मी काय करायचं होतं? भिंतींशी बोलायचं? चाळिशीला आले तेव्हा कळलं की सॉल्ट लेकमध्ये आमच्या घराजवळच्या मैदानावर सकाळी तिरंदाजी चालते. गेले आणि उभी राहिले. साडीवर गेले होते पहिल्या दिवशी, हसले सगळे. हसू देत.

नेम माझा बरा आहे. फार चांगला नाही, नुसता बरा. पण माझ्या वडिलांचं सांगलीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि पाना-पक्कड माझ्या हातात पेन्सिलीच्या आधी आली. कंपाउंड धनुष्य म्हणजे ते चाकांचं, तारांचं, आधुनिक प्रकरण — ते मला बघताक्षणी कळलं. दोन वर्षांत क्लबातलं प्रत्येक धनुष्य जुळवायला माझ्याकडे यायला लागलं. आणि त्यातही रेस्ट. धनुष्य ओढल्यापासून बाण सुटेपर्यंत तो ज्याच्यावर टेकून असतो ती बोटभर वस्तू म्हणजे रेस्ट. बोटभरच — पण ती बिघडली तर बाकीच्या सगळ्या थाटाचा उपयोग शून्य.

रेस्ट निवडायला मी कुठे शिकले माहितीये? परदेशातल्या शिकाऱ्यांच्या व्हिडिओंवरून. आपल्याकडे शिकार बंद आहे, आणि मला तर झुरळ मारवत नाही. पण ते लोक पावसात, चिखलात, काट्याकुट्यांतून धनुष्य घेऊन हिंडतात, आणि हरणासमोर रेस्टने दगा दिला तर काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून त्यांचं ऐकायचं. त्यांच्यात दोन तट. एक तट म्हणतो, ब्रशचा रेस्ट घ्या — सगळीकडून केसांचं गोल कडं, बाण त्यात अडकून बसतो, धनुष्य उलटं केलंत तरी पडत नाही. दुसरा म्हणतो, छे, त्या केसांना बाणाची पिसं घासतात, नेम जातो. खाली पडणारा रेस्ट घ्या. त्यात एक छोटा चिमटा असतो, एका दोरीने धनुष्याच्या तारेला बांधलेला. धनुष्य ओढलं की दोरी ताणते, चिमटा उभा राहतो, बाण सांभाळतो. बाण सुटला की झटकन खाली पडतो, पिसांच्या वाटेत येतच नाही. सुंदर काम असतं ते. पण सगळं त्या दोरीच्या गाठीवर. गाठ सरकली की संपलं.

मी दुसऱ्या तटाची. आणि माझी गाठ सरकत नसे — हे कोलकात्यातल्या तिरंदाजांत माहीत होतं. बाबूदा म्हणजे आमच्या क्लबाचे सेक्रेटरी, ते मला पहिल्या दिवसापासून ‘बर्गी’ म्हणायचे. मराठी म्हटलं की इथे लोकांना पावणेतीनशे वर्षांपूर्वीचे लुटारू मराठे घोडेस्वार आठवतात, ते बर्गी. त्यांना अडवायला बागबाजारपासून खंदक खणला होता, हे मला इथल्या प्रत्येक माणसाने एकेकदा तरी ऐकवलंय. बर्गी आली, बाण लपवा! सगळे हसायचे, मीही हसायचे. पण वर्षानुवर्षं हसून दाखवा तुम्ही. आणि मग एक दिवस तेच बाबूदा दुसऱ्या क्लबाच्या माणसाला सांगताना मी ऐकलं — आमच्या बर्गीने बांधलेली गाठ आहे, डोळे मिटून ने. त्या दिवशी मी घरी येऊन श्रीखंड केलं. एवढी खूश होते.

हे सबब म्हणून सांगत नाहीये. असं होतं, एवढंच.

आता शुक्लादी — नाव शुक्ला, ‘दी’ म्हणजे ताई. बागबाजारच्या. भूगोलाच्या बाई, मुलींच्या शाळेत आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. आई अकरा वर्षं आजारी होती. तिच्या डाव्या हाताला कंप सुटला, तो आधी कपात दिसला, मग चमच्यात, मग सगळ्या अंगात. अकरा वर्षं शुक्लादींनी आईला भरवलं, विंचरलं, उचललं. आई गेली आणि निवृत्तीही आली, तेव्हा म्हणाल्या, आता या हातांनी मी काहीतरी फक्त माझं करणार. आणि आल्या मैदानावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. हे सगळं त्यांनी मला सांगितलं होतं, कोपऱ्यावरच्या टपरीवर लेबू चा, म्हणजे लिंबाचा कोरा चहा, पिताना. आणि हेही सांगितलं होतं की रोज सकाळी उठल्यावर त्या आधी डावा हात समोर धरून बघतात. हलला का. नाही. मग दात घासायला जातात. हे फक्त मला सांगितलं. क्लबात आणखी कोणाला नाही. हे लक्षात ठेवा — नाही, राहू दे, मीच परत सांगणार आहे.

माझ्याशी त्या बंगालीतच बोलायच्या आणि माझ्या बंगालीला हसायच्या, पण ते हसणं वेगळं होतं. माझी पुरणपोळी त्यांना इतकी आवडायची की डबा परत देताना त्यात काहीतरी भरूनच द्यायच्या. या शहरात माझी मैत्रीण म्हणावी अशी ती एक बाई. झालं? आता पुढचं ऐका.

तीन वर्षं त्या क्लबाच्या जुन्या धनुष्यावर शिकल्या आणि मग स्वतःचं घेतलं. मला म्हणाल्या, मीनाक्षी, मला तो ब्रशवालाच लाव. मी विसरले तरी तो बाणाला विसरत नाही. किती साधं मागणं! आणि मी काय केलं? हसले. म्हटलं, शुक्लादी, ते नवशिक्यांचं खेळणं आहे, तुमचा नेम त्याच्या वरचा आहे. त्या ऐकेनात, तेव्हा मी त्यांना पुरावाच दाखवला. देव्हाऱ्यातलं कुंकू नेलं होतं पुडीत. बाणाच्या पिसांना चोपडलं आणि दोन्ही रेस्टवरून एकेक बाण सोडला. ब्रशचे केस लालभडक झाले. चिमट्याला कुंकवाचा कणसुद्धा नाही. बघा, म्हटलं, कसा स्वच्छ सुटला! शुक्लादींनी टाळ्या वाजवल्या. अगं बाई, तू तर जादूगार आहेस, म्हणाल्या. आणि हो म्हणाल्या. त्यांना नको होतं ते मी त्यांच्या गळ्यात मारलं — माझी हुशारी मिरवायला.

पण तोही गुन्हा नव्हे. वस्तू चांगलीच होती.

त्या दोरीची गाठ तारेवर बांधायची एक रीत आहे. आधी नुसती गाठ मारायची, दोन-चार बाण सोडून बघायचं, चिमटा वेळेवर उभा राहतो का. वर-खाली सरकवून बरोबर जागा सापडली की मग गाठीच्या वर आणि खाली मेणाचा दोरा घट्ट गुंडाळायचा, टोकं जाळून बंद करायची. मग ती गाठ हलत नाही, जन्मात हलत नाही. तो दोरा गुंडाळायला दहा मिनिटं लागतात. मी नुसती गाठ मारली. जागा बरोबर सापडली. शुक्लादींचे सहाच्या सहा बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात गेले, सगळे जमले, बाबूदा ओरडले, बर्गी जिंदाबाद! मी कौतुक घेत उभी राहिले. दोरा खिशातच राहिला.

उद्या करू म्हटलं. उद्या दुसऱ्या कोणाचं तरी धनुष्य आलं. त्यानंतर पंधरा दिवस मी ते विसरले असं म्हणाले तर तुम्ही विश्वास ठेवाल, आणि मलाही सोयीचं पडेल. पण खोटं कशाला? मला दोनदा आठवलं होतं. दोनदाही वाटलं, माझी गाठ आहे, काय होतंय.

मग तो रविवार. थंडीचे दिवस, कोवळं ऊन, दुसऱ्या एका क्लबाबरोबर मैत्रीचा सामना. शुक्लादींनी बाण लावला, ओढला, दम धरला. मी तिरपी, चार पावलांवर उभी होते. मला चिमटा दिसत होता. मी तो पडताना पाहिला. शुक्लादी पूर्ण ओढून स्थिर उभ्या होत्या — दगडासारख्या स्थिर — आणि चिमटा आपोआप खाली गेला, बाण मुठीवर पडला, आणि त्याच क्षणी त्यांनी सोडला. बाण धनुष्याच्या मुठीला धडकून फुटला. कार्बनचे बाण फुटतात तेव्हा त्यांच्या काड्या होतात, काचेसारख्या. एक काडी त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या खोबणीतून आत गेली आणि मागून बाहेर आली.

सगळे त्यांच्याकडे धावले. मी धनुष्याकडे धावले.

ऐकलंत ना? परत ऐकायचं तर ऐका. माझी मैत्रीण गवतावर बसून स्वतःच्या हाताकडे बघत होती आणि मी तिचं धनुष्य उचललं आणि सामानाच्या खोलीमागे गेले. गाठ दोन बोटं खाली सरकली होती. ती वर सरकवली. खिशात दोरा होताच. वर गुंडाळला, खाली गुंडाळला, काडेपेटीने टोकं जाळली. माझा हात इतका छान चालत होता, काय सांगू. दहा मिनिटांचं काम मी पाचात केलं. पलीकडे कोणीतरी टॅक्सी, टॅक्सी करत ओरडत होतं.

त्यांना घेऊन गेल्यावर बाबूदा आले. म्हणाले, धनुष्य दाखव. मी दिलं. त्यांनी चार वेळा ओढून पाहिलं. चारही वेळा चिमटा उभा राहिला, अगदी वेळेवर. गाठ बघितली. रेस्ट तर ठीक आहे, म्हणाले. मग झालं काय?

इथे मी गप्प राहू शकले असते. नुसतं ‘काय माहीत’ म्हटलं असतं तरी निभावलं असतं. धनुष्याचे अपघात होतात, लोक विसरतात. पण गप्प राहिलं तर गाठीवर संशय राहतो ना? मला तेवढाही नको होता. मी म्हणाले, बाबूदा, त्यांचा हात थरथरला. मी पाहिलं. आणि ते पुन्हा गाठ बघायला लागले तेव्हा आवाज खाली आणून मीच म्हणाले, त्यांच्या आईलाही होतं. डाव्या हातापासूनच सुरू झालं होतं.

आता कळलं, मघाशी मी लक्षात ठेवा का म्हणत होते? मला दुसरं काहीही सुचू शकलं असतं. ऊन डोळ्यांत गेलं म्हणता आलं असतं. मूठ चुकीची धरली म्हणता आलं असतं. मी त्यांनी फक्त मला दिलेली गोष्ट काढली आणि वापरली. कारण मला माहीत होतं की तीच चालेल.

चाललीच. बाबूदा भला माणूस, त्यांनी आठवड्याने काळजीपोटी शुक्लादींना विचारलं. शुक्लादी मला विचारायला आल्या. हाताला पट्टी होती. तू जवळ होतीस ना, मीनाक्षी, खरं सांग, हलला का गं हात? मी म्हटलं, थोडासा. त्यांनी मान हलवली. जणू कोणीतरी येणार हे माहीत होतं आणि आता दार वाजलं. मला म्हणाल्या, बरं झालं तू सांगितलंस, बाकीचे लपवतात.

जखम दोन महिन्यांत भरली. धनुष्य त्यांनी परत हातात घेतलं नाही. तेवढंच असतं तर मी तुम्हाला बोलवलं नसतं. लोक खेळ सोडतात. पण त्यांनी सकाळी हात बघायचं सोडून दिवसभर बघायला सुरुवात केली. चहा अर्धाच कप घ्यायच्या, दोन्ही हातांनी धरून. मासे साफ करणं बंद. भरतकाम बंद. कोणाच्या तान्ह्या बाळाला कडेवर घेणं बंद — नको, माझ्या हाताचा भरवसा नाही. मोठ्या डॉक्टरकडे गेल्या, सोबत कोण? मीच. डॉक्टरांनी बोटं नाकाला लावायला सांगितली, कागदावर गोल गोल काढायला सांगितलं, चालवून पाहिलं, आणि म्हणाले, काही नाही तुम्हाला. बाहेर आल्यावर शुक्लादी म्हणाल्या, आईलाही पहिली दोन वर्षं असंच म्हणाले होते. त्यांची फाइल माझ्या मांडीवर होती. तो एक कागद, ते गोल, अगदी गुळगुळीत काढलेले. तेव्हा सांगितलं असतं तर? मैत्री गेली असती, क्लबात तोंड दाखवता आलं नसतं, आणि बर्गी शेवटी बर्गीच निघाली म्हणून बाबूदा सगळीकडे सांगत सुटले असते. मी फाइल बंद केली. पाऊस येईल, चला, म्हटलं.

तुम्ही म्हणाल, बाई, अजून वेळ गेलेली नाही. म्हणा. लोकांना दुसऱ्याच्या वतीने खरं बोलायची फार हौस असते. तुम्ही कधी कोणाला सांगितलंय का, की तुझी सहा वर्षं मी खाल्ली? नुसत्या गाठीपायी? आणि सांगून झाल्यावर हलकं कोणाला वाटणार — तिला की मला? हा प्रश्न मी चांगला घोटून तयार ठेवलाय. त्याचं उत्तरही मला ठाऊक आहे. तिला वाटणार. तिचे हात तिला परत मिळतील. म्हणजे हा प्रश्नही माझ्या कामाचा नाही, बघा.

आजही लोक माझ्याकडे येतात. भरवशाचा रेस्ट कुठला घेऊ, मीनाक्षीदी? मी सांगते, आणि गाठ बांधून देते, आणि दोरा त्याच वेळी गुंडाळते, दुहेरी. कोणाचं काही बिघडलेलं नाही. नाव आहे माझं. ते मी मिळवलंय आणि मी ते सोडणार नाही.

गेल्या महिन्यात शुक्लादींनी फोन केला. बागबाजारच्या त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या, वडिलांच्या वेळेपासूनच्या. त्यांचा जन्म तिथला, आई तिथेच गेली. असल्या जुन्या खोल्या एकदा सोडल्या की पुन्हा मिळत नाहीत, हे कोलकात्यात शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणाल्या, मी वृद्धाश्रमात जायचं ठरवलंय, बारासतच्या पुढे आहे. हात पुरते जायच्या आत गेलेलं बरं. आईचं मी केलं, माझं करायला कोण आहे? खोल्या सोडल्याच्या कागदांवर सही करायची आहे, साक्षीला येशील?

मी गेले. सदुसष्ट वर्षांची बाई, पाठ ताठ, केस नीट बांधलेले, जिना माझ्यापेक्षा भरभर चढणारी. सामान बांधून झालेलं. घरमालकाचा माणूस कागद घेऊन समोर बसला होता. बसमध्ये मी ठरवलं होतं, सांगायचं. खरंच ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं, बंगालीत, चार शब्दांचं — तुमचा हात हलला नव्हता. दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा त्यांनी मला पाणी दिलं. दुसऱ्यांदा त्या माणसाने विचारलं, या कोण? आणि शुक्लादी म्हणाल्या, माझी मैत्रीण, मला खोटं सांगत नाही अशी ही एकटीच.

मी तोंड मिटलं.

त्यांनी डाव्या हाताने कागद दाबून धरला आणि उजव्या हाताने सही केली. तीन कागद, तीन सह्या. बाईंचं अक्षर — फळ्यावर आयुष्यभर नद्या काढलेल्या हाताचं. एकही रेघ कुठे डगमगली नव्हती. त्यांनी स्वतःच तो कागद वर धरून पाहिला आणि लहान मुलीसारख्या खूश झाल्या. बघ, मीनाक्षी, म्हणाल्या, आज नेमका हात कसा शांत आहे.

“हो, शुक्लादी,” मी म्हटलं. “आज बरा आहे.”